सिदेरिसने झेललेली दोरी

अर्गिनो बेटावर सिदेरिसला न ओळखणारे कोणी नव्हते; पण तो कोण, असे विचारले असते तर बहुतेकांनी ‘पाणीवाला’ एवढेच उत्तर दिले असते. बेटाला स्वतःचे पाणी नाही. ते मुख्य भूमीवरून जहाजाने येते, टेकडीवरच्या टाकीत चढते आणि तिथून नळांना लागते. उन्हाळ्यात वरच्या आळीतल्या घरांना ते एक दिवसाआड मिळते. धक्क्यावर मात्र ते दिवसरात्र असते, कारण धक्क्यावर पाहुण्यांच्या शिडाच्या होड्या लागतात. त्या होड्यांना नळी जोडून देणे हे नगरपालिकेने सिदेरिसला नेमून दिलेले काम होते. कित्येक उन्हाळे तो नळी खांद्यावर टाकून धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, आणि ज्या पाण्यावाचून वरच्या आळीत त्याच्या बहिणीचे धुणे साबणात तसेच पडून असे, त्या पाण्याने होड्यांचे सागवानी डेक धुतले जाताना त्याने पाहिले. यात कोणताही कायदा मोडला जात नव्हता. अन्याय एकदा नियमात नीट बसवला की लोकांना तो दिसेनासा होतो. सिदेरिसला तो दिसत असे. त्याने आपला राग नळीसारखाच गुंडाळून, एका खिळ्याला टांगून ठेवला होता, इतकेच.

बहीण मारूसो त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा सिदेरिसला धड चालताही येत नव्हते. त्याला मारूसोने वाढवले, आणि त्यापायी स्वतःचे लग्न इतक्या वेळा पुढे ढकलले की शेवटी ते विचारणारेच उरले नाहीत. पुढे तो मालवाहू जहाजांवर गेला, जगाची बंदरे पाहून परत आला, त्याची बायको त्याला सोडून मुख्य भूमीवर निघून गेली. या सगळ्या काळात मारूसो एकाच दगडी पाटावर कपडे धूत होती. शेवटची काही वर्षे ती होड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या चादरी आणि टॉवेल धुवायची. निळ्या काठाचे पांढरेशुभ्र टॉवेल. क्लोरिनने तिची बोटे फाटत, आणि रविवारी चर्चमध्ये जाताना ती त्यांवर ऑलिव्हचे तेल चोळी. "शनिवारी परदेशी माणसांची पाठ पुसते, रविवारी देवाची," असे म्हणून ती हसे. ते हसणे सिदेरिसला कधीच सहन झाले नाही.

तिने आयुष्यात भावाकडे एकच गोष्ट मागितली. चर्चच्या समोर धक्क्याला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. बेटाची मुलगी परगावी दिली तर ती या पायऱ्यांवरून होडीत बसते, आणि बेटाबाहेर मेलेला माणूस याच पायऱ्यांवरून घरी येतो. फेरीबोटीचा सिमेंटचा धक्का पलीकडे आहे. तिथे ट्रक उतरतात, गॅसच्या टाक्या उतरतात. हृदयाचा त्रास बळावला आणि मारूसोला मुख्य भूमीवरच्या पिरेअसच्या इस्पितळात न्यायचे ठरले, तेव्हा खुर्चीतून खाली आणताना ती भावाला म्हणाली होती, "हे बघ सिदेरी, जिवंत परत आले तर कुठूनही उतरेन. पण तशी आले नाही, तर मला टोमॅटोच्या पेट्यांबरोबर उतरवू नकोस. मी पायऱ्यांवरून येणार."

"काहीतरीच काय बोलतेस, ताई."

"काहीतरी नाही. हो म्हण."

तो हो म्हणाला होता. आठवडाभरात ती गेली.

ऑगस्टचा मध्य होता, देवमातेच्या सणाचा आदला दिवस. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी. मारूसोला आणायला गेलेला निकीफोरोस पहाटेच आपली मासेमारीची होडी घेऊन पिरेअसहून निघाला होता. निकीफोरोस हा सिदेरिसचा चुलतभाऊ, जिभेने तिखट आणि कामाला पक्का. दुपारी तो पोहोचणार होता. सिदेरिसने आदल्या दिवशीच बंदराच्या पोलिसाला सांगून ठेवले होते. पोलिसाने पायऱ्यांपाशी दोन लाल प्लॅस्टिकचे शंकू मांडले आणि तो फेरीबोटीची गर्दी आवरायला निघून गेला. म्हणून सिदेरिस सकाळीच काळा कोट चढवून पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. नळी त्या दिवशी खिळ्यावर होती.

समोरच्या कॉफीघराची मालकीण फोतिनी त्याला बिनसाखरेची कॉफी देऊन गेली. मयताच्या घरी कॉफी कडूच पितात.

"बसून तरी घे की," ती म्हणाली.

"बसलो तर जागा रिकामी दिसेल."

"तू उभा राहिलास म्हणून काय किल्ला दिसतोय? मी खुर्च्या आणून टाकते."

"नको. मी आहे ना."

हे ‘मी आहे ना’ पुढे त्याला फार महाग पडले.

सूर्य वर आला तसा वारा फिरला आणि आडवा झाला. होड्या येऊ लागल्या. या बंदरात होडी पुढे खोल पाण्यात नांगर टाकते, मग मागे मागे सरत धक्क्याला पाठ लावते आणि मागच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर फेकते. सिदेरिसने दोघांना हात हलवून परतवले; ते शिव्या घालत गेले. तिसरी मोठी होती, पांढरी, भाड्याची. ती मागे सरत असतानाच वाऱ्याने तिला बाजूला ढकलले, आणि तिचा मागचा कोपरा शेजारच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या होडक्यावर चालून आला. सुकाणूवरचा तरुण ओरडत होता. मागच्या बाजूला एक मध्यमवयीन बाई हातात दोरीचे वेटोळे साप धरल्यासारखे धरून उभी होती; तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. तिने डोळे मिटले आणि दोरी फेकली.

सिदेरिसच्या हातांनी ती झेलली.

हातांनी, असेच म्हणावे लागेल. कारण त्याचे मन तेव्हा समुद्राकडे, निकीफोरोसच्या वाटेकडे लागले होते. दोरी हातात आली, धक्क्यावरच्या कडीतून गेली, आवळली गेली, गाठ बसली. दुसरी आली, तीही बसली. होडी सरळ झाली, म्हाताऱ्याचे होडके वाचले. मग सिदेरिस आपल्याच हातांकडे पाहत राहिला.

या गावात पोराला चालायला शिकवण्याआधी दोरी धरायला शिकवतात. कोणाचीही होडी असो, वैऱ्याची का असेना, दोरी आली की ती घ्यायची. सिदेरिसच्या बापाने वादळात अशा माणसाची दोरी बांधली होती, ज्याच्याशी त्याचा जमिनीवरून उभा दावा चालू होता. ‘आधी बांध, मग भांड,’ असे तो म्हणे. हे शहाणपण समुद्रावर जगणाऱ्यांनी एकमेकांसाठी घडवले होते. जे केवळ मौजेसाठी समुद्रावर येतात आणि उद्या कोणाचीही दोरी झेलायला इथे असणार नाहीत, त्यांच्यासाठी ते घडवलेले नव्हते. पण सवयीला हा फरक कळत नाही, आणि सज्जन माणसाची सवय हीच त्याला लुटण्याची सर्वांत सोपी वाट असते.

"अरे देवा, सिदेरी!" फोतिनी दारातून ओरडली. "हातांना खाज सुटली होती का रे?"

सिदेरिस सुकाणूवरच्या तरुणाकडे वळला. त्याचे नाव फिलिप्पोस; अथेन्सचा, शिकलेला, सुट्टीत पाहुण्यांच्या होड्या चालवणारा. "उपकार झाले, काका," तो हसत म्हणाला.

"अर्ध्या तासात हलव. दुपारी माझी बहीण येतेय."

"हलवतो की. फेरीने येतायत का?"

"शवपेटीतून येतेय."

तरुणाचे हसू मावळले. त्याने छातीवर क्रूस काढला. "देव त्यांना शांती देवो. तुम्ही म्हणाल तेव्हा हलवतो, काका. शब्द देतो."

त्याने तो शब्द मनापासून दिला होता. म्हणूनच पुढचे अधिक चीड आणणारे आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते. तासाभरात त्याच्या पाहुण्यांचे मित्र दुसऱ्या होडीतून आले आणि जागा नाही म्हणून त्यांनी आपली होडी पहिलीच्या नाकाला बांधली. शेजारच्या रांगेतही तसेच झाले. प्रत्येकाने आपला नांगर जिथे पडेल तिथे टाकला, आणि पाण्याखाली साखळ्यांवर साखळ्या पडत गेल्या. सिदेरिस धक्क्यावरून हात उंचावून ओरडत राहिला. लोकांना वाटले, म्हातारा स्वागत करतो आहे. काहींनी उलट हात हलवला.

दुपारी चर्चची घंटा एकेक टोला देऊ लागली. बंदराच्या तोंडाशी निकीफोरोसची निळी होडी दिसली. डोलकाठीला काळे फडके होते. होडीच्या मध्ये पांढऱ्या चादरीखाली पेटी होती.

"आता हलव," सिदेरिस म्हणाला.

फिलिप्पोस जेवणावरून उठून मागच्या कठड्यापाशी आला. त्याचा चेहरा खरोखरच ओशाळला होता. "काका, कसं हलवू? आमच्या साखळीवर त्यांची, त्यांच्यावर आणखी कोणाची. नांगर वर येतच नाही, मघाशी प्रयत्न केला मी. पाणबुड्या म्हणतो, उद्या सकाळी."

"मला शब्द दिला होतास तू."

"मान्य आहे. चूक झाली. पण बघा ना, फेरीच्या धक्क्यावर जागा रिकामी आहे. मी आमच्यातले चार धट्टेकट्टे गडी देतो उचलायला. काका, शेवटी आत आहेत त्यांना आता काय फरक पडणार?"

सिदेरिसने त्याच्याकडे पाहिले. असा प्रश्न विचारायला माणसाला किती शाळा शिकाव्या लागत असतील, असे त्याच्या मनात आले.

"तिला पडत नाही," तो म्हणाला. "मला पडतो. आणि तुला पडायला हवा होता."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. निकीफोरोस होता. "सिदेरी, कुठे लावू? मला पायऱ्या दिसतच नाहीत. नुसत्या काठ्याच काठ्या, दात कोरायच्या काड्यांच्या डबीसारख्या."

"सरळ ये."

"सरळ कुठे? दोन होड्या आहेत मधे."

"त्यांच्यावरून आणू तिला."

फोनवर इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत राहिली. मग निकीफोरोस म्हणाला, "बरं. मी पोरांना बूट घालायला सांगतो."

जो बाहेरच्या रांगेत बांधलेला आहे, त्याने आतल्या होडीवरून चालत किनाऱ्याला जावे, हा या बंदरातला सर्वमान्य रिवाज. पाहुणे दिवसभर तेच करत होते; एकमेकांच्या डेकवरून आइस्क्रीम खात, हसत येत-जात होते. हा अधिकार जिवंतांपुरताच आहे असे कोणी कधी म्हटलेले नव्हते. सिदेरिस धक्क्याला टेकवलेल्या फळीवरून पहिल्या होडीवर चढला, तिथून दुसरीवर गेला आणि तिच्या नाकापाशी काळ्या कोटात उभा राहिला. निकीफोरोसची होडी पुढे आली, टेकली. तिची दोरी सिदेरिसनेच घेतली.

चौघांनी पेटी उचलली: सिदेरिस, निकीफोरोस आणि त्याच्या होडीवरची दोन पोरे. शिडाच्या होडीवर शवपेटी नेणे किती कठीण असते ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. बाजूने जायला जागा नव्हती. डोलकाठीच्या तारा आडव्या येत. पेटी केबिनच्या छपरावरून, शिडाच्या आडव्या दांड्याच्या खालून सरकवावी लागली. पाहुण्यांची गाणी मध्येच थांबली. कठड्यावर टॉवेल वाळत होते, निळ्या काठाचे पांढरेशुभ्र. त्यांतला एक वाऱ्याने उडून पेटीवर येऊन पसरला. सिदेरिसने तो ओळखला. एका हाताने त्याने तो उचलला आणि समुद्रात टाकला. एवढ्या एका कृतीत त्याचा दम गेला.

पहिल्या होडीच्या नाकापाशी, दोरी फेकणारी ती बाई उभी होती. ती फिलिप्पोसला काहीतरी म्हणाली. फिलिप्पोस लाल झाला. तिने पुन्हा म्हटले आणि खाली बोट दाखवले. तिथे एक टोपली होती, काढून ठेवलेल्या चपला आणि बुटांनी भरलेली.

"काय म्हणतेय?" निकीफोरोसने विचारले.

"काका, राग मानू नका. त्यांना समजलेलं नाही. त्या म्हणतायत, सागवान आहे, म्हणून बूट जर..."

पेटी खांद्यावर होती. चौघेही थांबले. चर्चपुढे जमलेले सारे गाव पाहत होते. बायकांच्या हातांतल्या धूपदाण्याही हलायच्या थांबल्या.

"तिला सांग," निकीफोरोस मोठ्याने म्हणाला, "पेटीत आहे ती अनवाणीच आहे. तेवढ्यावर भागव म्हणावं."

सिदेरिसने बूट काढले नाहीत. त्याने पाय पुढे टाकला, आणि पॉलिश केलेल्या टाचेचा काळा ओरखडा त्या फिकट लाकडावर उमटला. मग दुसरा. हेच लाकूड धुवायला त्याने उन्हाळ्यामागून उन्हाळे पाणी पुरवले होते. प्रत्येक पावलावर त्याला वाटत होते की आपण आणखी जड असायला हवे होते.

मागच्या बाजूला जेवणाचे टेबल मांडलेले होते: कलिंगड, कोळंबी, वाइनचे पेले. पेटी न्यायला वाट तीच होती. एक तरुण फोन उंच धरून चित्रण करत होता. पाहुण्यांतला एक म्हातारा मात्र उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, न बोलता टेबलावरच्या थाळ्या उचलून खाली ठेवल्या, आणि दोन्ही हातांनी दांडा बाजूला धरून उभा राहिला. पेटी जवळून गेली तेव्हा त्याने मान लववली. सिदेरिसला त्याचा सर्वांत जास्त राग आला. सौजन्याने राग शमत नाही. त्याची बसायची जागा तेवढी हिरावली जाते.

मग फळी, आणि मग दगड. मारूसो पायऱ्यांवरून आली.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. फादर थेमेलिस यांनी प्रार्थना म्हटली, लोकांनी तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. कोणीतरी तिच्या फाटलेल्या बोटांवर तेल चोळले होते; ती फोतिनी असावी. वरच्या दफनभूमीत माती पडली. उतरताना लोक सिदेरिसला म्हणत होते, "तुला आयुष्य लाभो. शेवटी आणलंसच तिला पायऱ्यांवरून." तो मान हलवत होता. त्यांना विजय दिसत होता. आपली बहीण इतरांच्या जेवणाच्या टेबलावरून घरी आली, तिच्यासाठी एकाच दिवशी एकच जागा राखायची होती आणि ती आपल्याच हातांनी परक्यांना बांधून दिली गेली, हे त्याला दिसत होते.

कॉफीघरात कडू कॉफी आणि कोन्याक ब्रँडीचे पेले फिरू लागले. सिदेरिसने पेला तसाच ठेवला आणि तो बाहेर पडला.

"कुठे निघालास?" फोतिनीने विचारले.

"आधी बांधलं," तो म्हणाला. "भांडायचं राहिलंय."

संध्याकाळी इथला वारा डोंगरावरून उतरतो आणि समुद्राकडे वाहतो. सिदेरिस पायऱ्यांवर गेला. कडीतल्या त्या दोन गाठी त्याने सकाळी बांधल्या तशाच होत्या. दिवसभराचा ताण सोसूनही सैल पडल्या नव्हत्या. त्याने पहिली सोडली आणि दोरी गोळा करून डेकवर फेकली. दुसरी सोडली. घाईने नव्हे, दोऱ्या नीट गुंडाळून, जशा परत द्यायच्या असतात तशा. अडकलेल्या नांगरामुळे होडी वाहून जाणार नव्हती, हे त्याला माहीत होते. ती हळूहळू धक्क्यापासून दूर सरकली, तिच्या नाकाला बांधलेली दुसरी होडीही तिच्यासोबत. फळी घसरून पाण्यात पडली. पायऱ्या आणि होडी यांच्यामध्ये हिरव्या पाण्याचा एक पट्टा उघडला, मग तो रुंद झाला. सकाळी जी जागा राखायची होती, ती आता रिकामी होती.

सिदेरिस पायरीवर बसला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

होडीवर आरडाओरडा सुरू झाला. फिलिप्पोस पळत मागे आला. "काका! हे काय केलंत? लोक किनाऱ्यावर आहेत आमचे! धरा, दोरी धरा!"

सिदेरिस जागचा हलला नाही.

"काका, मी माफी मागितली ना? तुम्हांला काय हवंय आणखी?"

कॉफीघरातले लोक दारात येऊन उभे राहिले. निकीफोरोस म्हणाला, "सिदेरी, बास आता." पण तो जवळ आला नाही. धक्क्यावर दुसरेही हात होते, त्याच बापांनी शिकवलेले. कोणीही पुढे झाले नाही.

फिलिप्पोसने दोरी गुंडाळली, हात मागे नेला आणि फेकली. ती चांगली फेकली गेली होती. नेमकी सिदेरिसच्या छातीवर येऊन आदळली, काळ्या कोटावर ओला पट्टा उमटला. त्याचे हात गुडघ्यांवरून उठले. अर्ध्यापर्यंत आले, बोटे उघडली. साऱ्या धक्क्याने ते पाहिले.

मग त्याने ते खाली नेले आणि गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. दोरी त्याच्या मांडीवरून घसरली, पायरीवर क्षणभर थबकली आणि पाण्यात गेली.